विंचू पायाला चावतो, मग हृदय का दमतं? अॅड्रेनॅलिनची वाट, पायरी-पायरीने

दिवाळी सरून पंधराएक दिवस झाले होते. आई-बाप उसाला गेलेले, सात वर्षांची पोर आजीजवळ. चुलीसाठी पऱ्हाट्या ओढताना तिच्या पायाला विंचू चावला. एका दवाखान्यात वेदनेची सुई देऊन घरी पाठवलं. दोन तासांनी आजी तिला जीपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आली. "डाक्टरसाहेब, दुखायचं तर थांबलं म्हणती, मग लेकरू गार का पडायलंय?"

मी पायाला हात लावला. माठाला हात लावावा तसा गारवा, घोट्यापासून बोटांपर्यंत. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. नाडी मनगटाशी कशीबशी लागत होती आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर हृदय घोड्यासारखं पळत होतं. पाय गार आणि हृदय धावतंय, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा, हाच त्या आजीचा प्रश्न होता. दारात उभ्या-उभ्या मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो. आशाताई, नर्सिंगच्या मुली, शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी आणि शेतात रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. हृदयाचं आकुंचन समजलं की विंचूदंशात काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

पायरी १: आधी एक ठोका समजून घ्या

आता वाचता-वाचता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसात ६० ते १०० ठोके लागतील. प्रत्येक ठोक्याला हृदयाचा स्नायू आवळतो आणि सैल होतो, आणि या दोन्ही हालचालींची किल्ली कॅल्शियमकडे आहे.

विजेची लाट पेशीवर येते, पेशीच्या भिंतीतली बारीक दारं उघडतात, बाहेरचं थोडं कॅल्शियम आत शिरतं. पेशीच्या आत कॅल्शियमचं एक कोठार असतं. बाहेरून आलेलं हे मूठभर कॅल्शियम त्या कोठाराचं दार उघडतं आणि मग खरी भरपूर आवक होते. ते कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, तसे अॅक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आवळतो. सैल व्हायचं तर बहुतेक कॅल्शियम परत कोठारात भरावं लागतं. ते काम एक पंप करतो आणि त्याला ऊर्जा लागते. सैल होणं म्हणजे आराम, असा आपला समज असतो, पण हृदयाला त्यासाठीही कष्ट पडतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅल्शियमचं हे महत्त्व कळलं ते सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरला, १८८३ साली. लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय तासन्‌तास चालायचं. तेच द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात केलं तर थोड्याच वेळात थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो, त्यात असतं तेच हे कॅल्शियम. आजही सलाईनच्या एका प्रकाराला रिंगरचं नाव आहे.

पायरी २: कासरा कोणाचा, आसूड कोणाचा

हृदय आपलं आपण धडधडतं. त्याचा ताल वरच्या उजव्या कप्प्यातल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून येतो. शरीराला मात्र कधी हळू, कधी जोरात हृदय हवं असतं. त्यासाठी दोन निरोपे आहेत.

एक अॅसिटिलकोलिन. व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या टोकाशी ते सुटतं आणि कासरा ओढल्यासारखं ठोके हळू करतं. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला. ते हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं. मज्जातंतूचा निरोप विजेने नाही तर रसायनाने पोचतो हे त्यातून सिद्ध झालं, आणि १९३६ चं नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. या कासऱ्याचा जोर मुख्यतः तालावर आणि वरच्या कप्प्यांवर चालतो. खालच्या कप्प्यांच्या आवळण्याच्या ताकदीवर त्याचा परिणाम थोडाच.

दुसरा निरोप्या नॉरअॅड्रेनॅलिन, आणि त्याचा सख्खा भाऊ अॅड्रेनॅलिन. नॉरअॅड्रेनॅलिन मुख्यतः सिंपथेटिक मज्जातंतूंच्या टोकांशी सुटतं. अॅड्रेनॅलिन मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून थेट रक्तात येतं, म्हणून ते खरं हार्मोन. हे दोघे आसूड. ठोके वाढवतात आणि प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढवतात.

हे स्वतःवर करून बघा. बसून नाडी मोजलीत ना? आता जागच्या जागी दोन मिनिटं जोरात पावलं उचला आणि लगेच पुन्हा मोजा. (छातीत दुखतं, दम लागतो, हृदयाची गोळी चालू आहे, अशांनी हे करू नये.) ठोके वाढलेले दिसतील. बसून राहा आणि दर मिनिटाला मोजत जा. हळूहळू उतरतील. ते उतरतात, कारण रक्तातलं अॅड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांतच निम्म्यावर येतं, आणि कासराही पुन्हा हातात येतो. आसूड बसतो आणि थांबतो, अशीच निरोगी शरीराची रचना आहे. विंचूदंशात तो थांबत नाही.

पायरी ३: अॅड्रेनॅलिन पेशीच्या दारात

अॅड्रेनॅलिन हृदयाच्या पेशीत शिरत नाही. बाहेरच्या भिंतीवर बीटा-१ नावाचा ग्राही, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, असतो, त्याला ते कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. तिथून आत निरोपांची साखळी सुरू होते. ग्राही जी-प्रथिनाला हलवतो, ते एका विकराला (एन्झाइमला) जागं करतं, विकर एटीपी या पेशीच्या इंधनापासून चक्रीय एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या तयार करतं आणि चक्रीय एएमपी प्रोटीन कायनेज ए नावाच्या कामगाराला कामाला लावतं. दर टप्प्याला निरोप मोठा होत जातो, म्हणून रक्तातल्या नखभर अॅड्रेनॅलिनने अख्खं हृदय हलतं. चक्रीय एएमपीच्या शोधासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. ग्राही आणि जी-प्रथिनांवरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं.

हा कामगार जाऊन काय करतो ते वहीत चित्र काढून समजून घ्या. मी विद्यार्थ्यांना नेहमी एकच पेशी मोठी काढायला सांगतो. भिंतीवर कॅल्शियमची दारं काढा: कामगार ती जास्त वेळ उघडी ठेवतो, आवक वाढते, आकुंचन जोरात होतं. आत कोठार आणि त्याचा पंप काढा. या पंपावर फॉस्फोलॅम्बन नावाचं प्रथिन एरवी ब्रेकसारखं बसलेलं असतं. कामगार तो ब्रेक सोडवतो, पंप भराभर कॅल्शियम भरतो, त्यामुळे स्नायू लवकर सैल होतो आणि पुढच्या ठोक्यासाठी कोठारही जास्त भरलेलं असतं. लवकर सैल होणं गरजेचंच आहे. मिनिटाला १४० ठोके पडत असताना दोन ठोक्यांमध्ये रक्त भरायला वेळच उरत नाही. नुसता आवळण्याचा जोर वाढला आणि सैल होणं तसंच राहिलं, तर हृदय रिकामंच आवळत बसेल.

या सगळ्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. दारं, पंप, धागे, सगळेच जास्त एटीपी आणि जास्त ऑक्सिजन मागतात. दोन मिनिटांसाठी हे परवडतं. तासन्‌तास चाललं तर पेशीत कॅल्शियम साचतं, ऊर्जा आटते आणि जोर वाढवणारं रसायनच जोर घटवायला कारण ठरतं.

थायरॉइडचं हार्मोन, अँजिओटेन्सिन, इन्शुलिन, नायट्रिक ऑक्साइड हे निरोपेही हृदयावर आपापला परिणाम करतात. त्यांचं वेगळं लिहावं लागेल. आजच्या गोष्टीत मुख्य पात्र अॅड्रेनॅलिन.

पायरी ४: पाय गार का पडतात

१९४८ साली रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की अॅड्रेनॅलिनचे ग्राही एकाच जातीचे नाहीत, अल्फा आणि बीटा असे दोन आहेत. हृदयावर मुख्यतः बीटा. हातापायांच्या, कातडीच्या, आतड्याच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा. अल्फाला किल्ली लागली की रक्तवाहिनी आवळते. म्हणून घाबरल्यावर माणूस पांढराफटक पडतो, हात गार होतात.

आता शेतावरची मोटर आठवा. मोटर पूर्ण जोरात चालू आहे आणि कोणीतरी ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह बंद केले. पाइप फुगतो, एखादा जॉइंट सुटतो, मोटर तापते. अॅड्रेनॅलिन एकाच वेळी मोटरला जोर लावतं आणि व्हॉल्व्हही आवळतं. थोडा वेळ असेल तर शरीर ते सांभाळून घेतं. खूप वेळ चाललं की खालच्या डाव्या कप्प्याला बंद वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलत राहावं लागतं. तो दमतो. पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं, आणि रक्ताच्या वाटेवर डाव्या कप्प्याच्या मागे फुप्फुसं आहेत. तिथल्या बारीक वाहिन्यांतून पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. माणसाला पडून श्वास घेता येत नाही, तो उठून बसतो, खोकतो, तोंडाला गुलाबीसर फेस येतो.

गार पाय आणि धावणारं हृदय एकत्र का, हे आता लक्षात आलं असेल. दोन्हींचा मालक एकच.

पायरी ५: विंचवाचं विष नेमकं काय करतं

आपल्याकडे बालाघाटच्या मुरमाड, दगडी जागेत लाल विंचू आढळतो. त्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, चिमटे जाडजूड, पण तिच्या दंशाने सहसा त्या जागेपुरतंच दुखतं. रंगावरून पक्का निकाल करू नका, अंधारात रंग फसवतो. चिमटे बारीक असतील तर जास्त सावध राहा.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांवर जाऊन बसतं. ती दारं उघडल्यावर क्षणात मिटायला हवीत. विष त्यांना मिटू देत नाही. त्यामुळे मज्जातंतू थांबायचं नाव न घेता निरोप सोडत राहतात, कासऱ्याचेही आणि आसुडाचेही. सुरुवातीला उलट्या, लाळ, दरदरून घाम, पुरुषांत आणि लहान मुलांतही लिंग ताठरणं, कधी नाडी मंदावणं. मग आसूड वरचढ होतो: रक्तदाब चढतो, हातपाय गार, नाडी जलद. त्याच्या पुढे हृदय दमतं, रक्तदाब उतरतो, फुप्फुसात पाणी येतं. वाढलेलं अॅड्रेनॅलिन इन्शुलिनलाही दाबून टाकतं, म्हणून आधीच राबणाऱ्या हृदयाला साखरेचं इंधनही नीट वापरता येत नाही. पहिल्या अर्ध्या तासापासून पुढच्या काही तासांत हे कधीही घडू शकतं.

थोडक्यात, हृदयाला मारतो तो बहुतांशी आपल्याच शरीरातल्या अॅड्रेनॅलिनचा पूर. म्हणूनच दुखणं किती यावरून धोका मोजता येत नाही. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा रुग्ण किती ओरडतोय यावर दंशाची तीव्रता ठरवायचो. ते चूक होतं, आणि त्या चुकीची आठवण मला आजही टोचते. जो नुसता ठणका लागून ओरडतोय, अंग कोरडं आहे, पाय गरम आहेत, तो बरेचदा सुखरूप असतो. दुखणं कमी पण अंग घामाने ओलं, पाय गार, उलट्या चालू, अशा रुग्णाला एक मिनिटही घरी ठेवायचं नाही.

पायरी ६: घरी, पहिल्या दहा मिनिटांत

सगळ्यात आधी वेळ बघा आणि कोणाला तरी मोबाइलवर लिहून ठेवायला सांगा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

रुग्णाला बसवा किंवा झोपवा, चालवत नेऊ नका. धावपळीने अॅड्रेनॅलिन आणखी वाढतं. दंशाची जागा साबण-पाण्याने धुवा. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी लावली तर ठणका कमी होतो. कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका, चुना-तंबाखू लावू नका. विंचू शोधत बसू नका. मेलेला सापडला तर फोटो घ्या, तेवढं पुरे.

मग दोन्ही पायांतून चपला-मोजे काढून तुमच्या हाताच्या मागच्या बाजूने पाय तपासा. कपाळ आणि वरचा ओठ बघा, घाम आहे का. नाडी एक मिनिट मोजा. श्वास मोजा. लाळ गळतेय का, उलटी झाली का. लहान मुलाच्या बाबतीत चड्डी बाजूला करून लिंग ताठ आहे का तेही बघा, यात संकोच नको. रात्री अचानक रडत उठलेलं, घामाने भिजलेलं, उलट्या करणारं लेकरू असेल आणि कोणी काही पाहिलं नसेल तर अंथरूण, उशी, चादर झटकून बघा.

यातलं एकही लक्षण असेल तर १०८ ला फोन. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना लक्षण असो-नसो, दवाखान्यात न्यायचंच आणि रात्रभर तिथेच ठेवायचं. दम लागत असेल तर आडवं करू नका, पाठीला टेकू देऊन बसवा. मांत्रिकाकडे नेऊन आणायला जो एक तास जातो, त्या तासात डाव्या कप्प्याची ताकद संपते. तुम्हाला त्याच्यावर विश्वास असेल तर तो नंतर ठेवा, आधी जीप दवाखान्याकडे वळवा.

घरात-अंगणात लपलेला विंचू आधीच दिसावा म्हणून एक सोपा उपाय. अतिनील (यूव्ही) प्रकाशाची छोटी टॉर्च मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. रात्री पऱ्हाट्यांचा ढीग, गोवऱ्यांचा हुडवा, न्हाणीची भिंत, चपलांची जागा एकदा फिरवून बघा. प्रकाश डोळ्यांत मारायचा नाही.

पायरी ७: दवाखान्यात काय होतं आणि का

इथे आपल्याच मातीतल्या एका माणसाचं नाव अभिमानाने घ्यावं लागेल. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळ जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात, महाड परिसरात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. हृदय थकण्याआधीची लक्षणं त्यांनी टिपली आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिलं. प्राझोसिन अल्फा-१ ग्राही झाकतं. अॅड्रेनॅलिनची किल्ली कुलपात बसतच नाही, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, मोटरसमोरचे व्हॉल्व्ह उघडतात. गंभीर लक्षणं असलेल्या रुग्णांत पूर्वी तिसेक टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यू या उपचारानंतर अगदी कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून दंशानंतर द्यायचं प्रतिविषही आहे, आणि प्रतिविषासोबत प्राझोसिन दिलं तर रुग्ण लवकर सावरतो हे बावस्कर दांपत्याच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

शिकणाऱ्यांनी दोन गोष्टी पायरी २ ते ४ शी जोडून बघाव्यात. अॅट्रोपिन का टाळतात? ते कासरा काढून घेतं, आसूड मोकाट सुटतो. बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा ग्राही झाकणारी औषधं, का टाळतात? मोटरचा जोर कमी होतो आणि व्हॉल्व्ह मात्र बंदच राहतात. हृदय पारच थकलेलं असेल तर डोब्युटामिनसारखं, मुख्यतः बीटा-१ ग्राहीवर काम करणारं औषध वाहिन्या मोकळ्या करणाऱ्या औषधांच्या जोडीने देतात. तो निर्णय मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा.

प्राझोसिनची गोळी घरी आणून ठेवायची आणि आपल्या मनाने द्यायची नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. दिल्यानंतर रुग्णाला उठवायचं नाही, लेकराला कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं. उलट्या आणि घामाने गेलेलं पाणीही भरून काढावं लागतं, ते किती हे डॉक्टर ठरवतात.

नातेवाईकांनी मग बघायचं ते पायच. मॉनिटरवरचे आकडे कळले नाहीत तरी चालेल. दर अर्ध्या तासाने पायाच्या अंगठ्याला हात लावायचा, आणि गारव्याची हद्द कुठपर्यंत आहे ते पेनाने खूण करून ठेवायचं. हद्द घोट्याकडून बोटांकडे सरकली की अल्फा ग्राही सुटायला लागले. याउलट हद्द वर चढायला लागली, खोकला आला, लेकरू झोपायला नको म्हणून उठून बसायला लागलं, तर तडक सिस्टरला हाक मारायची.

त्या रात्री मी आजीला खाटेच्या पायथ्याशी बसवलं आणि हे काम दिलं. गोळी देऊन झाली होती, पोर आडवी होती, डोळे मिटलेले. आजीने पदरात हात पुसून पुन्हा-पुन्हा तिची पावलं चाचपली. पहिली खूण घोट्याच्या वर होती. अडीचच्या सुमाराला ती घोट्याखाली आली. पहाटे साडेचारला आजीने मला उठवलं, काही न बोलता माझा हात धरून पोरीच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला. अंगठा गरम होता.